चिनी वास्तूंची रंगीत खोदचित्रे

(नभोवाणीवरील भाषण)

जुन्या पुस्तकांच्या व चित्रांच्या बाजारात चीन देशातील वास्तूंच्या रंगीत खोदचित्रांना अजूनही चांगले गिऱ्हाईक आहे. चित्र बहुधा वीतभर रुंदीचे असते. नदीच्या काठी उंच मनोरा, त्याच्या प्रत्येक मजल्याला वर वळलेली छपराची टोके, खाली कमानदार पूल, पुलाखालून जाणारी होडी आणि काठावर छत्री धरून उभी असलेली चारदोन माणसे, असा त्यातील देखावा असतो. छपरे कोठे गुलाबी तर कोठे फिकट निळी, आणि आकाशाला किंचित सोनेरी छटा. चित्राच्या खालच्या कडेला दोन बाजूंना दोन बारीक नावे व मध्यभागी त्या स्थळाचे नाव छापलेले असते. असे चित्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले म्हणजे येणारा पाहुणा हमखास विचारतो, 'हे कोठले?' यजमान मधले नाव वाचून दाखवितो, आणि तेवढ्याने दोघांचेही समाधान होते.

ह्या समाधानात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की, कोणी एक चित्रकार त्या नदीच्या काठी जाऊन बसला, आणि समोर दिसले ते त्याने कागदावर उतरविले. वस्तुस्थिती पुष्कळ वेळा तशी नसते. चित्र रेखाटणाऱ्याने चीन देश पाहिलेलाच नसतो, ते धातूवर कोरणाऱ्याने तर नाहीच नाही. आणि रंग भरणाऱ्याला समोरची इमारत देऊळ आहे की गावाची वेस आहे, ह्याचीही कल्पना नसते. मग हे चित्र नक्की कशाचे म्हणावयाचे? हा प्रश्न केवळ शौकिनांपुरता राहिलेला नाही. ह्या चित्रांत दाखविलेल्या इमारतींपैकी कित्येक आज उभ्या नाहीत. इमारत गेली म्हणजे तिच्याविषयी साक्ष देण्यास चित्र उरते, आणि साक्षीदार कितपत भरवशाचा आहे ह्याची चौकशी करणे मग भाग पडते.

ही चौकशी करण्यापूर्वी असे चित्र कसे तयार होत असे, हे समजून घेतले पाहिजे. छायाचित्रणाची कला निघण्यापूर्वी दूर देशाचे दर्शन घडविण्याचे मुख्य साधन म्हणजे खोदचित्र. प्रवाशाच्या वहीतील कच्च्या रेखाटनावरून एक चित्रकार सुबक चित्र तयार करी. ते चित्र कोरणाऱ्या कारागिराकडे जाई. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर तो ते उलटे उतरवून घेई, आणि टोकदार कोरणीने किंवा तेजाबाच्या साहाय्याने रेषा खोदीत असे. मग पत्र्यावर शाई चोळावयाची, वरची शाई पुसून खोदलेल्या रेषांतील तेवढी राहू द्यावयाची, आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्राच्या रुळांतून पत्रा काढावयाचा, म्हणजे चित्र छापले जाई. पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर उमटून चित्राभोवती एक खोलगट चौकट राहते. कडा कापलेल्या नसतील तर ती आजही बोटाने चाचपून पाहता येते.

तांबे मऊ असल्याने काही शेकडा प्रती निघाल्या की रेषा झिजू लागत. १८२० नंतरच्या दशकात पुस्तकांच्या चित्रांसाठी पोलादाचे पत्रे वापरात आले, तेव्हा एकाच पत्र्यावरून हजारो प्रती काढता येऊ लागल्या, आणि केसासारख्या बारीक रेषाही टिकू लागल्या. दूरदेशची चित्रे मध्यम वर्गाच्या घरांत शिरली ती ह्या पोलादामुळे. रंग मात्र हातानेच भरावा लागे. एक नमुना रंगवून समोर ठेवलेला असे, आणि त्याबरहुकूम रंगारी एकामागून एक प्रती पाण्याच्या रंगांनी रंगवीत. म्हणजे पाहणारा, रेखाटणारा, कोरणारा, छापणारा आणि रंगविणारा, अशा निदान पाच हातांतून चित्र जात असे. प्रत्येक हात त्यात काही तरी घालतो आणि काही तरी गाळतो. हे ध्यानात ठेवून तीन प्रसिद्ध उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण नानकिंग शहरातील चिनी मातीच्या मनोऱ्याचे. मिंग घराण्यातील युंगलो ह्या सम्राटाने १४१२ साली हे काम सुरू केले. उपकारांची फेड म्हणून आईबापांच्या स्मरणार्थ बांधलेल्या एका बौद्ध मठाचा तो भाग होता. मनोरा अष्टकोनी, नऊ मजल्यांचा व २५० फुटांहून अधिक उंच होता. त्याच्या बाहेरच्या अंगाला पांढऱ्या झिलईदार विटा बसविल्या होत्या, कमानींना हिरव्या, पिवळ्या व तांबूस झिलईची शिल्पे होती, आणि छपरांच्या कोपऱ्यांना घंटा टांगलेल्या होत्या. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५५ ते १६५७ ह्या काळात पेकिंगच्या दरबारी जी वकिलात पाठविली, तिच्याबरोबर योहान न्यूहॉफ नावाचा गृहस्थ कारभारी म्हणून गेला होता. वाटेत त्याने हा मनोरा स्वतः पाहिला. त्याचे प्रवासवर्णन १६६५ साली ॲम्स्टरडॅम येथे याकोब फान म्यूर्स ह्या प्रकाशकाने सुमारे दीडशे चित्रांसह छापले. लवकरच त्याची फ्रेंच, जर्मन, लॅटिन व इंग्रजी भाषांतरे निघाली, आणि चिनी इमारत कशी दिसते ह्याविषयी युरोपची समजूत पुष्कळ अंशी ह्या एका पुस्तकाने घडविली.

पुस्तकातील त्या मनोऱ्याच्या चित्रात मजले मोजले तर ते दहा भरतात. हा फरक क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु चिनी मनोऱ्यांचे मजले परंपरेने विषम संख्येचे, म्हणजे पाच, सात, नऊ असे असतात. दहा मजली मनोरा त्या परंपरेत बसत नाही. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १७६२ साली, विल्यम चेंबर्स ह्या वास्तुकाराने लंडनजवळ क्यू येथील राजोद्यानात जो चिनी धर्तीचा मनोरा उभारला, तो अष्टकोनी आणि दहा मजली आहे. न्यूहॉफच्या पुस्तकातील चित्राशी त्याचा असलेला संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. चेंबर्स काही घरबशा नव्हता; स्वीडिश कंपनीच्या जहाजांवरून तो स्वतः कँटनला जाऊन आला होता, आणि १७५७ साली चिनी इमारतींच्या नकाशांचे एक पुस्तकही त्याने प्रसिद्ध केले होते. तरीही कागदावरचा दहावा मजला क्यू येथे विटांत चढला, आणि आजही तो तेथे उभा आहे.

न्यूहॉफच्या हातच्या चित्रांसह असलेले हस्तलिखित पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १९८० नंतरच्या दशकात त्याची ओळख पटून त्यातील साधी रेखाटने छापील चित्रांशी ताडून पाहण्यात आली, तेव्हा मधल्या हातांची करामत उघडकीस आली. प्रकाशकाच्या कारागिरांनी मोकळ्या जागी ताडामाडांची झाडे उभी केली होती, पुढच्या बाजूस माणसांचे घोळके बसविले होते, आणि देखावा अधिक नवलाईचा दिसेल अशी तजवीज केली होती. प्रवाशाने पाहिले ते गिऱ्हाइकाला पुरेसे अद्भुत वाटणार नाही अशी प्रकाशकाला धास्ती होती, असे ह्यावरून दिसते.

दुसरे उदाहरण विल्यम अलेक्झांडरचे. इंग्लंडच्या राजाने १७९२ साली लॉर्ड मॅकार्टनी ह्यांना वकील म्हणून चीनला पाठविले, त्यांच्या परिवारात हा तरुण चित्रकार होता. त्याची नजर प्रामाणिक व हात कुशल होता. नद्यांवरील नावा, गावांच्या वेशी, पूल, देवळे ह्यांची त्याने काढलेली शेकडो जलरंगी चित्रे आजही मोलाची मानली जातात, आणि १८०५ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या, हाताने रंगविलेल्या ४८ चित्रांच्या पुस्तकाला संग्राहक फार मान देतात. परंतु सम्राट छिएनलुंग त्या वेळी पेकिंगच्या उत्तरेस जेहोल येथील उन्हाळी राजधानीत होता. वकील तिकडे गेले आणि अलेक्झांडरला पेकिंगमध्येच मागे ठेवण्यात आले. त्यामुळे वाटेवरची चीनची मोठी भिंत त्याला पाहता आली नाही, आणि जेहोलची देवळेही पाहता आली नाहीत. ह्याचे दुःख त्याला फार झाले.

तरीही १७९७ साली वकिलातीचा अधिकृत वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्याबरोबरच्या चित्रसंग्रहात ह्या भिंतीचे व जेहोलच्या पोताला मंदिराचे दर्शन अलेक्झांडरच्याच नावावर आहे. वकिलांबरोबर गेलेला तोफखान्याचा अधिकारी लेफ्टनंट पॅरिश ह्याने मोजमापे घेऊन जी रेखाटने केली होती, त्यांवरून अलेक्झांडरने ही चित्रे सिद्ध केली. पुढे हाच पोताला दुसऱ्या एका चित्रकाराने, थॉमस ॲलमने, आपल्या पुस्तकासाठी पुन्हा रेखाटला. त्यानेही तो पाहिला नव्हता. म्हणजे ॲलमच्या पुस्तकातील ते पान आज कोणी रंगवून विकले, तर मूळ मंदिर आणि विकत घेणारा ह्यांच्यामध्ये पॅरिश, अलेक्झांडर, ॲलम, कोरणारा व रंगारी एवढी मंडळी उभी असतात, आणि त्या सर्वांमध्ये मंदिर पाहिलेला एकटा पॅरिश. सुदैवाने हे मंदिर अद्याप उभे आहे. ल्हासाच्या पोतालाच्या धर्तीवर ते १७६७ ते १७७१ ह्या काळात बांधले गेले. डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या त्याच्या पांढऱ्या व तांबड्या भिंती चित्राशी ताडून पाहण्याची सोय आजच्या प्रवाशाला आहे.

ॲलम हेच तिसरे उदाहरण. बाजारात आज चिनी वास्तूंची म्हणून जी रंगीत खोदचित्रे दिसतात, त्यांतील फार मोठा भाग ह्याच्या पुस्तकातून सुटी केलेल्या पानांचा असतो. ॲलम हा धंद्याने वास्तुकार, लंडनच्या वास्तुकारांच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. १८४३ पासून लंडनच्या फिशर नावाच्या प्रकाशकांनी त्याची चीनविषयक पोलादी खोदचित्रे, राइट नावाच्या पाद्र्याच्या मजकुरासह, अनेक भागांत प्रसिद्ध केली. चित्रांची संख्या सव्वाशेच्या घरात आहे. ॲलमने चीनमध्ये पाऊल टाकले नव्हते. अलेक्झांडरची जुनी चित्रे, ऑग्यूस्त बोर्जे ह्या फ्रेंच चित्रकाराची रेखाटने आणि आरमारी अधिकाऱ्यांनी काढून आणलेली टिपणे, ह्यांवरून त्याने घरी बसून हा चीन उभा केला. वास्तुकाराची शिस्त त्याच्या हातात असल्यामुळे खांब सरळ, अंतराचे गणित अचूक, छायाप्रकाश मोहक. आणि म्हणूनच ही चित्रे प्रत्यक्षदर्शी असल्याचा भास सर्वांत अधिक होतो.

हे पुस्तक १८४३ मध्येच का निघावे? १८३९ साली अफूच्या व्यापारावरून इंग्रजांचे चीनशी युद्ध जुंपले, आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगच्या तहाने ते संपले. ह्या तहाने हाँगकाँग बेट इंग्रजांकडे गेले व पाच बंदरे परकी व्यापाराला खुली झाली. साहजिकच इंग्लंडात घरोघरी चीनविषयी कुतूहल होते, आणि प्रकाशकाने ती वेळ साधली. ह्या कथेत मुंबईचाही वाटा आहे, आणि तो विसरण्याजोगा नाही. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे, आणि त्या व्यापारावर मुंबईतील कित्येक पेढ्या वाढल्या. इतकेच नव्हे, तर ज्या जहाजावर नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या ते 'कॉर्नवॉलिस' नावाचे लढाऊ जहाज मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्यातील कारागिरांच्या हाताखाली, सागवानी लाकडात बांधले जाऊन १८१३ साली पाण्यात उतरले होते. तहाच्या त्या दिवसांत जहाजांवरील पुष्कळ लोक चिनी मातीचा मनोरा पाहावयास गेले, आणि त्यांतील काहींनी हातोड्याने त्याच्या विटांचे तुकडे काढून आठवण म्हणून बरोबर नेले. ॲलमच्या संग्रहात हा मनोरा दिमाखाने उभा आहे. पायथ्याशी चाललेली ती फोडाफोड चित्रात नाही.

आता रंगांचा विचार करू. ॲलमचे पुस्तक सामान्यतः काळ्या शाईतच विकले गेले. त्यातील सुट्या पानांवरील रंग बहुधा नंतरच्या काळात, चित्र अधिक किमतीला जावे म्हणून, भरलेला असतो. घराची शोभा म्हणून ह्यात वावगे काही नाही. परंतु चिनी वास्तूत रंग ही केवळ शोभा नव्हती, तर ती राज्याची शिस्त होती. पिवळ्या झिलईची कौले सम्राटाच्या इमारतींसाठी राखलेली असत. पेकिंगच्या राजवाड्याची छपरे म्हणूनच पिवळी आहेत. राजपुत्रांच्या वाड्यांना हिरवी कौले असत, आणि सामान्य माणसाच्या घरावर बिनझिलईची राखी कौले. पेकिंगच्या स्वर्गमंदिरातील प्रार्थनेच्या गोल सभागृहाचे तिहेरी छप्पर निळे आहे, कारण निळा रंग आकाशाचा. राजवाड्यातील ग्रंथालयावर काळी कौले घातलेली आहेत. काळा रंग जलतत्त्वाचा, आणि पुस्तकांना भय अग्नीचे, अशी त्यामागील कल्पना. एवढा अर्थ भरलेल्या छपरावर लंडनचा रंगारी हाताशी असेल तो गुलाबी रंग देतो, तेव्हा ती इमारत कोणाची हेच पुसले जाते. पाहणाऱ्याला चित्र सुंदर दिसते, परंतु राजवाडा कोणता आणि वखार कोणती हे त्याला कळेनासे होते.

आकाराच्या बाबतीतही असेच झाले आहे. चिनी इमारतीचा भार भिंतींवर नसतो. उंच जोत्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, आणि खांबांच्या माथ्यावर एकावर एक रचलेले लाकडी तोडे, ह्यांवर ते जड छप्पर तोललेले असते. हे तोडे छपराची वळचण भिंतीपासून पुष्कळ पुढे नेतात आणि पावसापासून लाकडाचे रक्षण करतात. ह्या सर्व लाकडांची मापे ठरविणारा 'यिंग् जाओ फा शि' नावाचा ग्रंथ ११०३ साली ली जिए ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली दरबाराने छापविला होता. तोड्यांच्या आडव्या लाकडाच्या आठ प्रती ठरवून, त्या मापाच्या पटीत साऱ्या इमारतीची मापे त्यात दिली आहेत. युरोपातील कोरणाऱ्याला ह्यातील काहीच ठाऊक नव्हते. त्याला तोड्यांच्या जागी नक्षी दिसली, आणि त्याने तेथे फुलापानांची झालर कोरली. छपराची टोके उत्तरेकडील इमारतींत सौम्यपणे वळतात व दक्षिणेकडे अधिक उचललेली असतात. परंतु १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांना दक्षिणेकडील कँटनखेरीज दुसरे बंदर मोकळे नव्हते. त्यामुळे कँटनची धाटणी हीच साऱ्या चीनची धाटणी ठरली, आणि चित्रांतील पेकिंगची छपरेही आकड्यांप्रमाणे वर वळली.

एवढे दोष पाहिल्यावर ही चित्रे टाकाऊ ठरवावीत असे कोणास वाटेल. तसे करणे मात्र बरोबर होणार नाही. नानकिंग शहर १८५३ साली ताइपिंग बंडखोरांच्या हाती गेले, आणि १८५६ साली त्यांच्यातील आपसांतील यादवीत तो चिनी मातीचा मनोरा पाडण्यात आला. त्यानंतर त्या मनोऱ्याचे रूप जाणण्यास चिनी ग्रंथांतील वर्णने, चिनी व युरोपीय चित्रे आणि मातीत सापडलेले अवशेष एवढीच साधने उरली. १९५८ साली नानकिंगजवळच्या जुन्या भट्ट्यांच्या जागी त्या मनोऱ्याचे म्हणून बनविलेले झिलईदार भाग सापडले, आणि त्यांवर शाईने घातलेले क्रमांक होते. कोणता भाग कोठे बसवावयाचा ह्याची खूण बांधणाऱ्यांनीच करून ठेवलेली. चित्रात सबंध आकार दिसतो पण तपशील डळमळीत असतो. विटेत तपशील पक्का पण आकार दिसत नाही. दोन्ही एकत्र ठेवले म्हणजे एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. त्या जागी २०१५ साली पोलाद व काच ह्यांचा नवा मनोरा लोकांसाठी खुला झाला. जुन्याची नक्कल करण्याचा आव त्यात आणलेला नाही, आणि तेच योग्य झाले.

चीनमध्येच कोरल्या गेलेल्या चित्रांची साक्ष ह्याहून वेगळ्या मोलाची आहे. मात्तेओ रिपा नावाच्या इटालियन धर्मोपदेशकाने सम्राट खांग्शीच्या आज्ञेवरून १७१३ च्या सुमारास जेहोलच्या उद्यानाची ३६ दृश्ये ताम्रपटांवर कोरली. ताम्रपटावरील खोदचित्राची कला चिनी दरबारात प्रथम रुजली ती ह्याच कामाने. पुढे पेकिंगजवळच्या युआनमिंगयुआन ह्या विस्तीर्ण राजोद्यानात कास्तिल्योने व बनुआ ह्या धर्मोपदेशकांच्या योजनेने दगडी महाल व कारंजी उभारली गेली. १७८० नंतरच्या दशकात यिलांताय ह्या दरबारी चित्रकाराच्या रेखाटनांवरून चिनी कारागिरांनीच त्यांची २० खोदचित्रे कोरली. येथे पाहणारा, रेखाटणारा व कोरणारा एकाच आवारात वावरत होते. चूक झाली तर समोर इमारत उभी होती, आणि चित्र पाहणारा धनी त्याच इमारतीचा मालक होता.

ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज व फ्रेंच सैन्याने हे राजोद्यान लुटले, आणि लॉर्ड एल्गिन ह्यांच्या हुकुमाने १८ तारखेस त्याला आग लावण्यात आली. लाकडी दालने जळून भुईसपाट झाली. दगडी महालांचे खांब व कमानी मोडक्या स्थितीत उरल्या. आज त्या अवशेषांत उभे राहून कोणता दगड कोठला, कारंज्याचे पाणी कोठून पडत असे, हे ओळखावयाचे तर ती २० खोदचित्रेच उघडावी लागतात. ती रंगीत नाहीत, आणि दिवाणखान्यात लावण्याइतकी गोंडसही नाहीत. परंतु त्यांचा आधार नसता तर ते दगड मुकेच राहिले असते.

चित्राच्या साक्षीचा उपयोग कसा करावा, ह्याचा धडा चिनी अभ्यासकांनीच घालून दिला आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लियांग सिचंग व त्यांच्या पत्नी लिन हुईयिन हे वास्तुशास्त्रज्ञ दांपत्य जुन्या इमारतींच्या शोधात खेड्यापाड्यांतून हिंडत होते. तांग काळातील लाकडी इमारत चीनमध्ये शिल्लक नाही, ती पाहण्यास जपानलाच आले पाहिजे, असे त्या वेळी जपानी पंडित म्हणत. तुनह्वांग येथील लेण्यांची पेलिओ ह्या फ्रेंच संशोधकाने घेतलेली छायाचित्रे पाहताना लियांग ह्यांचे लक्ष वूताय पर्वताच्या एका मोठ्या भित्तिचित्राकडे गेले. त्यात फोगुआंग नावाचे एक मंदिर होते. त्याच नावाचा शोध घेत १९३७ च्या उन्हाळ्यात ही मंडळी खेचरांवरून त्या डोंगरात पोहोचली, आणि मंदिर तेथे उभे होते.

परंतु चित्रात आहे म्हणून मंदिर जुने, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी तोड्यांची मापे घेतली. छपराच्या अंधाऱ्या पोटमाळ्यावर, वटवाघळे व धूळ ह्यांतून सरपटत जाऊन, लाकडांची जोडणी तपासली. खालून पाहताना लिन हुईयिन ह्यांना तुळईवर पुसट अक्षरे दिसली. तुळई धुऊन पाहता त्यात एका दानशूर स्त्रीचे नाव निघाले. तेच नाव मंदिरापुढील दगडी स्तंभावर कोरलेले आढळले, आणि त्या स्तंभावर इसवी सन ८५७ शी जुळणारे वर्ष होते. तांग काळातील लाकडी इमारत चीनमध्ये सापडली ती अशी. भित्तिचित्रातील मंदिर व प्रत्यक्षातील मंदिर ह्यांत तंतोतंत साम्य नाही. चित्राने वाट दाखविली, आणि निर्णय लाकडाने व दगडाने दिला. ह्यानंतर थोड्याच दिवसांत, ७ जुलै १९३७ रोजी, पेकिंगजवळ जपानशी युद्धाची ठिणगी पडली. म्हणजे हा शोध आणखी काही आठवडे लांबता तर कित्येक वर्षे झालाच नसता.

ज्यांच्या घरी असे एखादे रंगीत खोदचित्र आहे, किंवा ज्यांच्या मनात ते घ्यावयाचे आहे, त्यांना ह्यातून चारदोन गोष्टी घेता येतील. चित्राखालच्या दोन नावांपैकी डावीकडचे बहुधा रेखाटणाऱ्याचे आणि उजवीकडचे कोरणाऱ्याचे असते. लॅटिन भाषेतील 'डेलिनेआव्हिट' म्हणजे रेखाटले, आणि 'स्कल्प्सिट' म्हणजे कोरले, अशी खूण त्यांच्यापुढे असते. रेखाटणाऱ्याचे नाव कळले की तो त्या स्थळी गेला होता काय, हा पुढचा प्रश्न विचारता येतो. पुस्तकाचे वर्ष कळले की त्या वेळी युद्ध चालू होते की व्यापार, हे पाहता येते. मजले मोजावेत, छपराचा रंग पाहावा, खांबांच्या माथ्यावर तोडे आहेत की झालर, हे निरखावे. कोरलेल्या रेषा पुस्तकाच्या वर्षाच्या असतात. रंग मात्र कधी कालपरवाचाही असू शकतो. किमतीची बोलणी करतानाही हा भेद ध्यानात ठेवावा.

एवढी चौकशी केल्याने चित्राची गोडी कमी होत नाही. गुलाबी छपराखालची ती नदी, तो पूल आणि ती छत्री धरलेली माणसे पूर्वीइतकीच मनोहर दिसतात. फरक इतकाच पडतो की, पुढच्या वेळी पाहुणा 'हे कोठले?' म्हणून विचारील, तेव्हा यजमानाला स्थळाच्या नावाबरोबर आणखीही काही सांगता येईल: हे कोणी पाहिले, कोणी नुसते ऐकून काढले, त्यातील काय खरे आहे, आणि त्या जागी आज काय उभे आहे.